पाश्चात्य चित्रकलेतील आधुनिक प्रवाह आणि विदर्भाशी संबंधित चित्रकार

युरोपात १८७४ च्या प्रदर्शनापासून दृक्प्रत्ययवाद, १९०५ नंतर अभिव्यक्तिवाद, १९०७ च्या सुमारास घनवाद व पुढे अमूर्त चित्रकला असा क्रम दिसतो. प्रत्येक प्रवाह आधीच्या प्रवाहाला उत्तर देत उभा राहिला. मुंबईत हा क्रम घडलाच नाही. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेत वास्तववादी शिक्षणाचे दीर्घकाळ प्राबल्य होते. सेझान, मातिस, पिकासो, क्ले हे १९४० च्या दशकात जवळजवळ एकाच वेळी, तेही बहुधा छापील प्रतिकृतींतून, तरुणांसमोर आले. नाझी राजवटीमुळे मुंबईत आलेल्या लँगहॅमर, लायडन यांच्या सहवासाचाही त्यात वाटा होता.

१९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांपैकी ह. अं. गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे, तर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले. १९४८ मध्ये काश्मिरात छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी रझांच्या चित्रांत रचनेचा अभाव दाखवून सेझानकडे लक्ष वेधले. १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले. म्हणजे चित्रे प्रथम, मूळ कलाकृती नंतर!

या चित्रकारांवर होणारा अनुकरणाचा आरोप म्हणूनच अपुरा ठरतो. ज्यांना क्रमच मिळाला नाही, त्यांना निवड करणे भाग होते. नागपूरला १९२४ मध्ये जन्मलेले वासुदेव गायतोंडे पुढे या गटाशी जोडले गेले. क्लेच्या आकृतींपासून निघून ते आकृतीविरहित रंगपृष्ठापर्यंत पोहोचले. मात्र स्वतःच्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणे त्यांनी नाकारले.