लघुउद्योगाचा व्यवसाय आराखडा : नफ्याआधी रोकडीचा हिशेब

लघुउद्योग सुरू करताना बँकेला सादर करावयाचा व्यवसाय आराखडा, अर्थात प्रकल्प अहवाल, अनेकदा कर्ज मंजुरीपुरता कागद मानला जातो. तयार नमुन्यात आकडे भरले जातात, पाच वर्षांचा चढता नफा दाखविला जातो आणि कर्ज मिळताच अहवाल कपाटात जातो. वास्तविक त्याने एका प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे असते : वर्षातील कोणत्या महिन्यात उद्योगाच्या हाती किती पैसा असेल? कागदावर नफा असलेले उद्योगही बंद पडतात, ते बहुधा याच प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

आराखड्यात काय असावे

उत्पादन व ग्राहक, जागा व यंत्रसामग्री, कच्च्या मालाचा स्रोत, मनुष्यबळ, परवाने, भांडवलाची उभारणी आणि अंदाजित हिशेब ही आराखड्याची प्रमुख अंगे होत. उद्यम नोंदणी आणि खाद्यपदार्थ असल्यास अन्न सुरक्षा परवाना यांचा उल्लेख आवश्यक असतो. मात्र प्रत्येक आकड्यामागील गृहीतक लिहिलेले नसेल, तर आकड्यास अर्थ उरत नाही.

काजू कारखान्याचे उदाहरण

सत्तरी, सांगे, केपे अशा भागांत काजू बियांची आवक मुख्यत्वे मार्च ते मे या काळात होते. समजा, एका कारखान्याने वर्षाला ४० टन बियांवर प्रक्रिया करावयाचे ठरविले. हिशेबाच्या सोयीसाठी बियांचा दर किलोला १५० रुपये धरल्यास खरेदीचा खर्च ६० लाख रुपये होतो. बियांच्या वजनाच्या २५ टक्के गर मिळाला तर १० टन काजूगर हाती येईल. अखंड आणि तुकडा मिळून सरासरी ८५० रुपये दर धरला, तर वार्षिक विक्री ८५ लाख रुपये होते. मजुरी, इंधन, वेष्टन इत्यादींचा खर्च दरमहा सव्वा लाख, म्हणजे वर्षाला १५ लाख. व्याज व घसारा वगळण्यापूर्वी १० लाख रुपये शिल्लक दिसते.

आता हाच व्यवहार महिन्यांत मांडून पाहावा. मेअखेरपर्यंत बियांचे ६० लाख आणि तीन महिन्यांचा चालू खर्च सुमारे ४ लाख, असे ६४ लाख रुपये बाहेर जातात. विक्री मार्चपासूनच सुरू झाली आणि व्यापाऱ्यांना महिन्याची उधारी दिली, तर तोवर मार्च व एप्रिलच्या विक्रीचे अवघे १४ लाख जमा होतात. मेअखेरीस ५० लाख रुपयांची गरज उभी राहते.

लघुउद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी बँका साधारणतः नायक समितीचे सूत्र वापरतात. अंदाजित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के रक्कम ही भांडवलाची गरज मानली जाते. त्यातील २० टक्के बँक देते व ५ टक्के उद्योजकाने उभे करावयाचे असतात. या उदाहरणात ती रक्कम सव्वाएकवीस लाख होते. म्हणजे सुमारे २९ लाखांची तूट राहते. सूत्र चुकीचे नाही. ते पैसा तीन महिन्यांत फिरून येतो असे धरते, आणि काजूत तो वर्षातून एकदाच फिरतो. तूट भरून निघाली नाही, तर बिया कमी घ्याव्या लागतात, पावसाळ्यानंतर यंत्रे थांबतात आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू राहतात.

तूट भरून काढण्याचे मार्ग

पहिला मार्ग महिनावार रोकड तक्त्याचा. वरील सूत्र किमान मर्यादेचे आहे. व्यवसायाचे चक्र लांब असल्याचे तक्त्याने दाखवून दिल्यास हंगामापुरती अधिक मर्यादा मागता येते. दुसरा मार्ग लहान सुरुवातीचा : १६ टनांपासून आरंभ केला आणि सर्व खर्च त्याच प्रमाणात घटले, तर तूट साडेअकरा लाखांवर येते. तिसरा मार्ग हंगामाबाहेर आफ्रिकेतील आयात बिया घेण्याचा. त्याने खरेदी वर्षभर विभागली जाते. परंतु तो माल गोव्याचा काजू म्हणून विकता येत नाही. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले असल्याने हा निर्णय आराखड्यातच स्पष्ट व्हावयास हवा.

उधारीबाबतही नियम जाणून घ्यावेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघुउद्योगांचे देणे ठरलेल्या मुदतीत, आणि कमाल ४५ दिवसांत, चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे.

अनुदान हाती येत नाही

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अनुदान मिळते. ते कर्जाशी जोडलेले असते आणि तीन वर्षे बँकेत राखून ठेवून, कर्ज नियमित व उद्योग चालू असल्यास कर्जखात्यात वळते केले जाते. म्हणून पहिल्या हंगामाच्या रोकडीत ते धरणे ही घातक चूक ठरते.

गृहीतकांची कसोटी

शेवटी प्रत्येक प्रमुख गृहीतक थोडे बिघडवून पाहावे. वरील कारखान्यात गराचा उतारा २५ ऐवजी २३ टक्के आला, तर ८०० किलो काजूगर कमी मिळतो आणि ६ लाख ८० हजार रुपयांची विक्री घटते; १० लाखांच्या शिलकीपैकी ३ लाख २० हजारच उरतात. बिया ओल्या घेतल्या वा नीट वाळविल्या नाहीत, तरी उताऱ्याला एवढा फटका बसू शकतो. असा धक्का सोसूनही हप्ता भरता येईल, हे ज्या आराखड्यातून दिसते, तो बँकेइतकाच उद्योजकाच्याही उपयोगाचा असतो. दरमहा प्रत्यक्ष जमाखर्च त्याच्याशी ताडून पाहिल्यास पुढील हंगामाची खरेदी अंदाजाने नव्हे, अनुभवाने ठरविता येते.