ओढ आणि झोत

१९१८ साली अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या हेबर कर्टिस यांनी कन्या राशीतील एम ८७ मधून निघालेल्या एका विलक्षण सरळ किरणाची नोंद केली. नोंद जेमतेम ओळीभराची. तिचा अर्थ लागावयास अर्धे शतक गेले.

१९६३ साली मार्टिन श्मिट यांनी एका क्वासाराचे अंतर काढले, आणि तो इतका दूर असून इतका तेजस्वी कसा, हा हिशेब जुळेना. ताऱ्यांत हायड्रोजनचा हेलियम होताना वस्तुमानाचा शंभरावा हिस्साही ऊर्जारूप होत नाही. १९६४ साली अमेरिकेत सॉलपीटर व रशियात झेल्डोविच यांनी स्वतंत्रपणे सुचविले की, प्रचंड वस्तुमानाकडे ओढला जाणारा वायू याहून कितीतरी अधिक ऊर्जा देईल. धरणाचे पाणी खाली पडते म्हणूनच जनित्र फिरते, तसेच हे.

पण जे ओढते तेच बाहेर कसे फेकील? श्रोत्यांनी हा प्रश्न सोडू नये. १९७७ साली ब्लँडफर्ड व झ्नायेक यांनी दाखविले की, फिरत्या कृष्णविवराच्या भ्रमणातील ऊर्जा चुंबकीय क्षेत्र काढून घेऊ शकते व अक्षाच्या दिशेने झोत सोडू शकते. म्हणजे नुसत्या गुरुत्वाकर्षणाचे नाव घेऊन भागत नाही. भांडवल त्याचे, राबणारे चुंबकीय क्षेत्र; आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना हीच उपमा सुचणार!

एम ८७ च्या गाभ्यातील कृष्णविवर सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट जड आहे. त्याच्या छायेभोवतीचे कडे २०१९ साली जगाने पाहिले. २०२३ साली कडे व झोत एकाच चित्रात आले. झोताला बळ चकतीचे किती आणि विवराच्या भ्रमणाचे किती, हा वाद मात्र अजून चालू आहे.