योग्या

सकाळी मंडईत जावं आणि कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी, तोंडली, फणस घेऊन यावं. पुण्याची ही मंडई १८८६ सालची. प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताच्या काळी ती असती, तर त्याच्या अख्ख्या वर्गाची सोय एका फेरीत झाली असती.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय 'योग्यासूत्रीय'. योग्या म्हणजे हात बसेपर्यंत केलेला सराव. छेद घ्यायला शिकायचं ते कोहळ्या-काकडीवर. भेदायला पाण्यानं भरलेली कातडी पिशवी, खरवडायला ताणलेलं केसाळ कातडं, शिरेचा वेध घ्यायला मेलेल्या जनावराची शीर नाहीतर कमळाचा देठ. रुतलेलं काढायला फणसाचा, तोंडल्याचा, बेलफळाचा गर. दात उपटायला मेलेल्या जनावराचे दात. टाके जाड कापडावर. मला सगळ्यांत दाद द्यावीशी वाटते ती घुण लागलेल्या लाकडाला: जखमेतली वाकडी वाट सळईनं चाचपायला त्याहून बरा मास्तर कुठला? पट्टी बांधायला मात्र पुरा माणूस लागतो, म्हणून तो बनवूनच घ्यायचा. त्याचं नाव पुस्तमय पुरुष.

शास्त्र कितीही पाठ असो, योग्या न केलेला कामाला अयोग्य, असं सुश्रुत बजावतो. 'योग्य' हा शब्द मराठीत रोजचा. त्याच कुळातली 'योग्या' मात्र वैद्यांच्या पोथीतच राहिली. रास्ता पेठेतलं टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ सालचं. तिथल्यासारख्या शल्यतंत्राच्या वर्गात हा शब्द अजून कानावर पडतो. ससून रुग्णालयाशेजारच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचं मूळ १८७८ च्या वैद्यकशाळेत. तिथल्या मुलांना विचाराल तर 'स्किल लॅब' म्हणतील.

पुस्तमय पुरुषाची आजची बहीण नॉर्वेची. आस्मुंड लेर्डाल हा खेळणी बनवणारा गृहस्थ. १९६० साली त्यानं तोंडानं श्वास देण्याच्या सरावासाठी 'ॲनी' नावाची बाहुली घडवली. आपल्याकडे २०१९ च्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमानं असल्या सरावाला हक्काची जागा दिली. तोवर बहुतेकांचा हात बसला तो वॉर्डातल्या रुग्णावरच, तेही मुकाट्यानं दंड पुढे करणाऱ्या गरिबावर. शीर सापडली नाही की दुसऱ्यांदा टोचायचं. म्हणून परंपरेच्या अभिमानानं फार फुगण्यात अर्थ नाही. यादी आपल्या घरात होती आणि आपण ती पाठ करत बसलो.

सुश्रुताचा दहावा अध्याय 'विशिखानुप्रवेशनीय', म्हणजे वैद्यानं व्यवसायाच्या रस्त्यावर पाऊल टाकण्याचा. योग्या झाली, आता नखं-केस कापावेत, पांढरे स्वच्छ कपडे घालावेत, छत्री-काठी घ्यावी, पायात वहाणा असाव्यात, गोड बोलावं. आणि निघण्याआधी राजाची परवानगी हवी. आज एमबीबीएस असो की बीएएमएस, राजाच्या जागी कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो, आणि पक्क्या नोंदणीआधी वर्षभराची इंटर्नशिप सक्तीची.