वैमानिक व्हायचे आहे? आधी उड्डाणाचे तास मोजा

वसईच्या होळी भागातील एखाद्या मुलाने वा मुलीने बारावीनंतर व्यावसायिक वैमानिक होण्याचे ठरवले, तर घरच्यांसमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो संस्थेच्या निवडीचा. हे शिक्षण स्वस्त नाही. भारतात परवाना मिळेपर्यंतचा खर्च साधारणपणे ४० ते ६० लाख रुपयांच्या घरात जातो. एवढ्या रकमेच्या शैक्षणिक कर्जासाठी बँका सहसा तारण मागतात. म्हणजे अनेक घरांत राहता फ्लॅट किंवा वडिलोपार्जित वाडी पणाला लागते. अशा वेळी संस्थेची निवड चुकली, तर दीड-दोन वर्षांचे प्रशिक्षण तीन-चार वर्षे रेंगाळते आणि कर्जाचे व्याज मात्र वाढतच राहते. म्हणूनच प्रवेश घेण्यापूर्वी माहितीपत्रकातील छायाचित्रांपेक्षा एकाच गोष्टीची कसून चौकशी व्हायला हवी. ती म्हणजे विद्यार्थ्याला महिन्याकाठी प्रत्यक्ष किती तास उड्डाण मिळते.

जुहूहून धुळ्याला

या क्षेत्राचा मुंबईशी जुना संबंध आहे. जुहू येथे १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना झाली. येथेच उड्डाणाचे धडे घेतलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. मात्र पुढे शेजारच्या सांताक्रूझ विमानतळावरील वर्दळ वाढत गेली आणि जुहूच्या आकाशात शिकाऊ विमानांना मोकळीक उरली नाही. आज या क्लबचे उड्डाण प्रशिक्षण धुळे येथील धावपट्टीवर चालते. ज्या धावपट्टीवर गर्दी जास्त, तेथे शिकाऊ विमानाला ताटकळावे लागते, हा धडा या स्थलांतरातून घेण्यासारखा आहे.

वसई-विरारच्या विद्यार्थ्याला लोकलने जाऊन-येऊन विमान चालवायला शिकता येईल, अशी सोय त्यामुळे नाही. लेखी परीक्षांचे वर्ग मुंबईत करता येतात. उड्डाणासाठी मात्र मुक्कामी जावेच लागते. राज्यात धुळ्याखेरीज बारामती, धुळे जिल्ह्यातील शिरपूर, जळगाव आणि गोंदियाजवळील बिरसी ही प्रशिक्षणाची प्रमुख ठिकाणे आहेत. सीमाभागात बेळगाव येथेही २०२१ नंतर प्रशिक्षण संस्थांना जागा देण्यात आली. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली. राज्याबाहेर उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही केंद्र सरकारच्या अखत्यारीतील संस्था असून तेथे प्रवेश परीक्षेद्वारे निवड होते.

पहिली पायरी डॉक्टरांची

संस्थेचे शुल्क भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी उरकून घ्यावी. प्रथम द्वितीय श्रेणीचे आणि नंतर प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. चष्मा असणे ही सरसकट अडचण नाही. परंतु रंगांधळेपणा, हृदयविकार किंवा श्रवणदोष आढळल्यास व्यावसायिक परवान्याचा मार्ग बंद होऊ शकतो. पन्नास लाख खर्चून झाल्यावर हे कळण्यापेक्षा सुरुवातीलाच कळलेले बरे. बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय असण्याची अट अनेक वर्षांपासून आहे. ती शिथिल करण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये पुढे आला. त्यामुळे कला वा वाणिज्य शाखेच्या उमेदवारांनी नियमाची ताजी स्थिती नागरी हवाई वाहतूक महासंचालनालय अर्थात डीजीसीएकडून तपासून घ्यावी.

परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. हवाई नियम, हवामानशास्त्र, दिशानिर्धारण आणि विमानाची तांत्रिक माहिती या विषयांच्या लेखी परीक्षांत ७० टक्के गुण आवश्यक असतात. रेडिओ संभाषणाची परीक्षा वेगळी असते. एकूण किमान २०० तासांचे उड्डाण, त्यापैकी १०० तास विमानाची सूत्रे स्वतःच्या हाती घेऊन, ही मुख्य अट आहे. रात्रीचे उड्डाण आणि ३०० सागरी मैलांचा लांब पल्ल्याचा प्रवासही त्यात मोडतो.

गणित साधे आहे

हे २०० तास महिन्याला २० या गतीने मिळाले, तर दहा महिन्यांत पूर्ण होतात. महिन्याला आठच तास मिळाले, तर २५ महिने लागतात. समजा, एखाद्या संस्थेत ४० विद्यार्थी आहेत आणि पाच विमाने उडण्याच्या स्थितीत आहेत. प्रत्येक विमान महिन्याला ६० तास उडाले, तर एकूण ३०० तास होतात. म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला जेमतेम साडेसात तास येतात. येथे ‘उडण्याच्या स्थितीत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ठरावीक तासांनंतर विमानाची तपासणी अनिवार्य असते आणि सुटे भाग वेळेवर न आल्यास विमान आठवडेच्या आठवडे हँगरमध्ये उभे राहते.

म्हणून पालकांनी संस्थेला प्रत्यक्ष भेट द्यावी आणि पुढील प्रश्न थेट विचारावेत. आज किती विमाने उडत आहेत? नियमित प्रशिक्षक किती? गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांनी २०० तास पूर्ण केले आणि त्यांना किती महिने लागले? पावसाळ्यात सलग किती दिवस उड्डाणे बंद असतात? रात्रीच्या उड्डाणासाठी धावपट्टीवर दिव्यांची सोय आहे, की दुसऱ्या विमानतळावर जावे लागते? याची उत्तरे कार्यालयात मिळतीलच. पण वसतिगृहातील वरच्या तुकडीच्या विद्यार्थ्यांशी बोलल्यास खरे चित्र अधिक स्पष्ट होते. त्यांच्या नोंदवहीतील गेल्या तीन महिन्यांचे तास हा सर्वांत बोलका पुरावा ठरतो.

श्रेणी आणि सुरक्षितता

संस्थेचे नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे की नाही, हे सर्वप्रथम पाहावे. देशातील उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिली श्रेणीवारी डीजीसीएने २०२५ च्या अखेरीस जाहीर केली. तीत ३५ संस्थांपैकी एकीलाही सर्वोच्च दोन श्रेणींत स्थान मिळाले नाही. त्यामुळे ‘देशातील अव्वल’ अशा जाहिराती तपासूनच स्वीकाराव्यात. विमान अपघात अन्वेषण ब्युरोचे अहवाल सर्वांसाठी खुले असतात. संबंधित संस्थेत अपघात घडला असल्यास त्याची कारणे त्यात वाचायला मिळतात.

कमी दिवसांत तास ‘भरून देण्याचे’ आश्वासन देणाऱ्यांपासून दूरच राहावे. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका व कागदपत्रांच्या आधारे परवाने मिळवल्याची प्रकरणे उघड झाली, तेव्हा काही वैमानिकांना अटक झाली होती. कागदावरचे तास आकाशात उपयोगी पडत नाहीत आणि अशा फसवणुकीत परवान्याबरोबर प्रवाशांचा जीवही धोक्यात येतो.

पैसे टप्प्याटप्प्याने

संपूर्ण शुल्क एकरकमी भरू नये. पूर्ण झालेल्या तासांनुसार हप्ते ठरवून घ्यावेत. विमान वा प्रशिक्षकाअभावी विलंब झाल्यास काय, प्रशिक्षण अर्धवट सोडल्यास किती रक्कम परत मिळेल, इंधन दरवाढीचा भार कोणावर, वसतिगृह व परीक्षेचे शुल्क वेगळे आहे का, हे करारात लेखी असावे. परदेशात शिकल्यास हवामान व विमानांची उपलब्धता अनेकदा अनुकूल असते. मात्र भारतात परतल्यावर परवाना रूपांतरित करून घ्यावा लागतो आणि येथील परीक्षाही द्याव्या लागतात. तो वेळ व खर्च आधीच हिशेबात धरावा.

परवाना हाती पडला म्हणजे नोकरी मिळाली, असे नाही. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते व त्यालाही लाखो रुपये लागतात. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये जमिनीवर आली, तेव्हा अनुभवी वैमानिकही नोकरीच्या रांगेत उभे राहिले. नवख्यांची प्रतीक्षा अशा काळात आणखी लांबते. त्यामुळे कर्ज घेताना परवान्यानंतरच्या किमान एका वर्षाची तरतूद हाताशी ठेवावी. या वाटेवर जिद्द लागतेच. पण पहिली सही करण्यापूर्वी केलेला तासांचा आणि पैशांचा हिशेब अधिक मोलाचा ठरतो.