तळटीप : ध्रुवीय खोकडाच्या अंगावरची चरबी

१. स्वालबार्डच्या खोकडांना लेखकाने इथे नुसते ‘तब्येतीने चांगली’ म्हटले आहे. ती तब्येत मोजतात कशी, हे सांगायला हवे. केवळ वजन फसवते. चरबी धरलेले बारके खोकड आणि उपाशी थोराड खोकड काट्यावर सारखेच भरू शकतात, हिवाळ्यातले दाट केस तर नजरेलाही चकवतात. म्हणून मेलेल्या जनावरात कातडीखालची आणि मूत्रपिंडाभोवतीची चरबी पाहतात. मूत्रपिंडावरची चरबी सोडवून तिचे वजन मूत्रपिंडाच्या वजनाशी ताडायची रीत रायनी यांनी १९५५ मध्ये न्यूझीलंडच्या लाल हरणांवरील अभ्यासात मांडली. उपासमारीत ही चरबी लवकर झिजते, हाडांतल्या मज्जेतली अगदी शेवटी. मज्जा लालसर, पाणचट दिसली, तर जनावर पार खंगले होते असे समजावे.

जिवंत खोकडाला ड्यूटेरियमयुक्त पाणी टोचतात आणि ते अंगभर मिसळले की रक्त तपासतात. चरबीत पाणी जवळपास नसतेच, उरलेल्या अंगात मात्र सुमारे ७३ टक्के असते. त्यावरून चरबीचा हिशेब लागतो. मजकुरातल्या वजनांपुढे निदान महिना तरी हवा होता, असे मला ठामपणे वाटते. हिवाळ्यासाठी चरबी साठवणाऱ्या या प्राण्याचे ऑगस्टमधले आणि डिसेंबरमधले वजन एकाच मापाने वाचता येत नाही. — संपा.