वाचकांच्या प्रश्नांवरचा खटला: मुंबई, १९३४

१/
सन १९३४. मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ या मराठी मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू मांडत होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आक्षेप होता वाचकांच्या प्रश्नांना छापलेल्या उत्तरांवर. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण हे त्या प्रश्नांचे विषय होते.

२/
कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये हे मासिक सुरू केले. लैंगिक प्रश्नांकडे पाप-पुण्याच्या नव्हे, आरोग्याच्या दृष्टीने पाहावे, हा त्यांचा आग्रह नावातूनच दिसतो. त्या काळी भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ समलिंगी संबंधांना जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगत होते. घरात बोलणे अशक्य, बाहेर कायद्याचा धाक. अशा माणसाला निदान पत्रातून विचारता येईल, अशी ही जागा होती.

३/
आंबेडकरांचा युक्तिवाद सरळ होता: वाचक विचारतात, तर उत्तर दिलेच पाहिजे, कोणाला त्यात विकृती दिसत असली, तरी ती ज्ञानानेच दूर होईल. त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचा आधार घेतला. न्यायालयाला ते पटले नाही. कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत निघत राहिले.

४/
या खटल्याचे मोल पुढच्या संशोधनाने अधिक स्पष्ट होते. अमेरिकी संशोधक इलान मायर यांनी २००३ मध्ये ‘अल्पसंख्याकांवरील ताणा’ची मांडणी केली. समलिंगी व्यक्तींमध्ये नैराश्य आणि चिंता अधिक आढळतात, त्याचे कारण आकर्षण नव्हे. भेदभाव, नाकारले जाण्याची धास्ती, सतत लपवणे आणि स्वतःविषयी मनात रुजलेला तिटकारा, ही त्याची कारणे होत. आपल्यासारख्यांची सोबत लाभली, की याच ताणाला तोंड देण्याचे बळ वाढते.

५/
महाराष्ट्रात ही सोबत पुढे संस्थांनी उभी केली: मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट, पुण्यात २००२ पासून बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट, नागपुरात सारथी ट्रस्ट. समुपदेशन आणि आरोग्यसेवेपर्यंत पोहोचवणे, हे अशा संस्थांचे रोजचे काम. कर्व्यांच्या पानांवर पत्राने विचारलेले प्रश्न येथे समोरासमोर बसून विचारता येऊ लागले.

६/
मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने लैंगिक कलाच्या आधारे उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले. १९३४ च्या त्या खटल्यानंतर तोवर ८४ वर्षे लोटली होती. त्या काळात ज्यांना प्रश्न विचारायला ‘समाजस्वास्थ्य’ही सापडले नाही, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.