स्वमग्न माणसाचें प्रौढपण

एखाद्या गांवीं असा एक मनुष्य असतो कीं, त्याच्याविषयीं गांवकरी प्रेमानें, पण किंचित् हंसून बोलतात. कोणी त्याला एककल्ली म्हणतात, कोणी घुमा, कोणी तऱ्हेवाईक. तो रोज त्याच वाटेनें जातो व त्याच जागीं बसतो. एस्. टी. च्या साऱ्या गाड्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ असतात. परंतु लग्नमांडवांत वाजंत्री सुरू झाली कीं तो कान झांकून बाहेर पडतो. थट्टेनें बोललेलें तो खरेंच मानतो, आणि विचारलेल्या प्रश्नाचें सरळ उत्तर देऊन चारचौघांना नकळत दुखावतो. त्याला बुद्धि आहे, वाचा आहे, कष्ट करण्याची तयारी आहे. तरीहि व्यवहार त्याला इतरांपेक्षां जड जातो.

या अवस्थेला आज मराठींत 'स्वमग्नता' असें नांव आहे. ज्याला नीट बोलतां येतें व ज्याची बुद्धि सामान्य किंवा तीहून अधिक आहे, त्याच्या स्वमग्नतेला 'उच्च कार्यक्षमतेची' असें विशेषण लावण्याचा प्रघात पडला. हें विशेषण थोडें फसवें आहे. काम निभावतें एवढेंच तें सांगतें. तें निभावण्यास किती श्रम पडतात, हें सांगत नाहीं.

हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें परंपरेनें नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. त्याच जिल्ह्यांतील औंढा नागनाथाच्या देवळांत पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांची कथा घरोघरीं ठाऊक आहे. प्रथम अधर्मी वाटलेला तो पुरुष पुढें नामदेवांचा गुरु झाला. या कथेवरून कोणा संतास आजचें वैद्यकीय नांव चिकटविणें इतिहासाला धरून होणार नाहीं. परंतु रीत सोडून वागणाऱ्या माणसासाठीं जुन्या समाजाजवळ दोनच जागा होत्या, हें तींतून दिसतें: तो सिद्धपुरुष तरी, नाहीं तर वेडा. जो या दोहोंपैकीं कोणीच नव्हता, त्याला नांव नव्हतें.

तें नांव पाश्चात्त्य वैद्यकांतहि एकदम आलें नाहीं. १९११ सालीं स्विस मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनीं 'ऑटिझम्' हा शब्द दुसऱ्याच एका मानसिक रोगाचें लक्षण म्हणून योजला होता. १९२५ सालीं मॉस्कोमध्यें ग्रुन्या सुखारेवा या वैद्य बाईंनीं सहा मुलांचें जें वर्णन प्रसिद्ध केलें, तें आजच्या वर्णनाशीं विलक्षण जुळतें. पण त्याकडें फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९४३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांची हकीकत छापली, आणि स्वमग्नता ही स्वतंत्र अवस्था ठरली. पुढच्याच वर्षीं व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांनीं बोलक्या व बुद्धिमान् अशा स्वमग्न मुलांविषयीं लिहिलें. नाझी अमदानींत ज्या संस्थेंत अपंग मुलांचा जीव घेतला जाई, तेथें कांहीं मुलें पाठविण्यांत याच आस्पर्गरांचा हात होता, हें २०१८ सालीं कागदपत्रांवरून उघड झालें. १९८१ सालीं लंडनच्या लॉर्ना विंग यांनीं आस्पर्गरांचें लिखाण इंग्रजी वाचकांपुढें आणलें. या विंगबाई स्वतः एका स्वमग्न मुलीची आई होत्या. २०१३ सालीं अमेरिकन मनोवैद्यांनीं निरनिराळीं नांवें मोडून एकच विस्तृत पट मानला.

या साऱ्या इतिहासांत लहान मुलांचीच चर्चा अधिक आहे. परंतु मुलें मोठीं होतात. त्यांचें पुढें काय होतें, याचें सर्वांत बोलकें उत्तर कॅनरच्या अकरा मुलांपैकीं पहिल्याच्या चरित्रांत सांपडतें.

त्याचें नांव डोनाल्ड ट्रिप्लेट. १९३३ सालीं मिसिसिपी प्रांतांतील फॉरेस्ट या लहानशा गांवीं त्याचा जन्म झाला. वडील वकील होते. आईचें घराणें गांवच्या बँकेशीं निगडित होतें. चार वर्षांचा होण्यापूर्वींच वैद्यांच्या सल्ल्यावरून मुलाला दूरच्या एका संस्थेंत ठेवण्यांत आलें. तेथें तो अधिकच कोमेजला, तेव्हां सुमारें वर्षभरानें आईबापांनीं त्याला परत आणलें. १९३८ सालीं ते त्याला कॅनरकडें घेऊन गेले. तत्पूर्वीं वडिलांनीं मुलाच्या वागण्याचें टिपण म्हणून ३३ पानांचें पत्र पाठविलें होतें. तें पत्र हा या अवस्थेच्या इतिहासाचा आद्य दस्तऐवज होय.

पुढें कांहीं वर्षें डोनाल्ड एका निपुत्रिक शेतकरी दांपत्याकडें राहिला. त्याला मोजण्याचें वेड होतें. शेतकऱ्यानें तें वेड मोडण्याचा खटाटोप केला नाहीं. विहीर खणतांना खोली मोजण्याचें काम त्यानें मुलाकडें दिलें. तो मक्याच्या ओळी सारख्या मोजी. तेव्हां नांगरतां नांगरतां त्या मोजाव्यात, असें ठरलें. १९४५ सालीं कॅनर तेथें गेले, तेव्हां मुलगा घोडा व नांगर उत्तम रीतीनें हांकीत होता. खेड्यांतील शाळेनेंहि त्याच्या लकबी चालवून घेतल्या. १९५८ सालीं तो पदवीधर झाला, गांवच्या बँकेंत नोकरीला लागला, मोटार चालवूं लागला, एकट्यानें देशोदेशीं हिंडून आला. २०१० च्या सुमारास पत्रकार त्याला शोधीत आले, तेव्हां गांवकऱ्यांनीं त्यांना बजावलें कीं, त्याला दुखवाल तर गांठ आमच्याशीं आहे. २०२३ सालीं, ८९ व्या वर्षीं, त्याच गांवीं त्याचा अंत झाला.

१९७१ सालीं कॅनरनीं त्या अकरा जणांचा पुन्हां शोध घेतला. जीं मुलें मोठ्या सरकारी मनोरुग्णालयांत गेलीं, तीं निस्तेज होऊन गेलीं. तेथील प्रवेशाला कॅनरनीं जन्मठेपेची उपमा दिली. आरंभीं या मुलांची लक्षणें बरीच सारखीं होतीं. वाढण्याच्या जागा मात्र निराळ्या होत्या. डोनाल्डच्या घरीं पैसा होता, हें खरें. परंतु नांगर हातीं देणारा शेतकरी केवळ पैशानें मिळत नाहीं.

आपल्याकडें कायद्याची पावलें उशिरां पडलीं. १९९५ च्या अपंगांविषयींच्या कायद्यांत सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा जन्मास आला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानें स्वमग्नतेचें नांव घेतलें. 'आमच्या माघारीं मुलाचें काय?' या आईबापांच्या चिंतेंतून हा न्यास उभा राहिला. २०१६ च्या कायद्यानें २१ प्रकार मानले, त्यांत स्वमग्नता आली, आणि सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के राखीव जागांपैकीं एका टक्क्यांत इतर कांहीं प्रकारांबरोबर तिलाहि वांटा मिळाला. तपासणीची भारतीय मोजपट्टी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनें तयार केली. तींत ४० मुद्दे आहेत.

ज्यांचा जन्म १९७० किंवा १९८० च्या सुमारास कळमनुरी, सेनगांव वा वसमत तालुक्यांत झाला, त्यांच्या शालेय वयांत हें नांव गुरुजींच्या कानांवर येण्याचा संभव फारच थोडा होता. अशांपैकीं जे स्वमग्न होते, ते हट्टी, शिष्ट, मंद अशींच विशेषणें ऐकत वाढले. आज ते चाळिशी-पन्नाशींत आहेत. प्रौढपणीं निदान करावयाचें तर वैद्य लहानपणची हकीकत विचारतात: बोलूं केव्हां लागला, एकटाच खेळे काय, कशाला भीत असे. ही आठवण बहुधा आईजवळच असते. ती माउली गेली कीं तो पुरावाहि गेला. म्हणून ज्या घरांत अशी शंका आहे, तेथें त्या माणसाच्या संमतीनें ती हकीकत आजच लिहून ठेवावी. डोनाल्डच्या वडिलांनीं तरी दुसरें काय केलें?

प्रमाणपत्र मिळो वा न मिळो, घरच्यांच्या हातीं पुष्कळ आहे. आडवळणानें न बोलतां स्पष्ट सांगावें. पाहुणे यावयाचे असतील, बेत बदलावयाचा असेल, तर आगाऊ कल्पना द्यावी. डोळ्याला डोळा देण्याची सक्ति करूं नये. गर्दींतून तो उठून गेला तर तो अपमान मानूं नये. लग्न करावें कीं नाहीं, हें त्याला विचारून ठरवावें. आणि त्याच्या स्वभावाला जुळेल असें काम त्याच्या हातीं द्यावें. वसमतची हळद प्रसिद्ध आहे. ती शिजविणें, वाळविणें, गड्डे व हळकुंडें निराळीं करणें, वजनाच्या नोंदी ठेवणें, या कामांत ठरलेला क्रम व बारीक नजर लागते, आणि कांहीं स्वमग्न माणसांना तोच क्रम विसांवा वाटतो. प्रत्येकाची आवड एकच नसते, म्हणून आधीं त्याला विचारावें. मक्याच्या ओळी मोजणाऱ्या मुलाच्या हातीं नांगर देणाऱ्या त्या शेतकऱ्यानें वैद्यकाचें एकहि पुस्तक वाचलेलें नसेल. मुलगा काय मोजतो आहे, हें मात्र त्यानें नीट पाहिलें होतें.